पर्वरीच्या गच्चीवरून देवयानी

"मनशाक उजवाड जाय गो, तुका काळोख कित्याक जाय?"

माणसाला उजेड हवा, तुला काळोख कशाला हवा, असं शेजारच्या काकींनी विचारलं तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते आणि मी त्यांच्या फाटकाशी उभी होते. त्यांच्या कुंपणावरचा दिवा तीन तास बंद ठेवता येईल का, एवढंच विचारायला गेले होते. आमच्याकडे अजून सगळे त्याला हॅलोजन म्हणतात, आत असतो एलईडी. त्याचा पांढरा झोत काकींच्या अंगणात पडतो, माडांच्या झावळ्या उजळतो आणि उरलेला आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर येतो. गच्चीवर माझा कॅमेरा होता आणि त्या झोताच्या पलीकडे कुठेतरी देवयानी, म्हणजे अँड्रोमेडा ही अब्जावधी ताऱ्यांची दीर्घिका, होती.

काकी एकट्या राहतात. यजमान वारले, मुलगा बोटीवर. मागच्या वर्षी आमच्या वाड्यावर दोन घरं फुटली, तेव्हापासून त्यांचा दिवा रात्रभर जळतो. "दिवो पालोवंक जावचो ना," दिवा विझवता येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि वर, एकटी गच्चीवर बसू नकोस, असंही बजावलं. मी मान डोलावली आणि जिना चढले. दिवा का हवा हे मला पटलं होतं. गच्चीवर एकटी असताना जिन्यात पाऊल वाजलं की माझाही हात आधी मोबाईलच्या टॉर्चवर जातो. काळोख का हवा, हे सांगायला मात्र फाटकातली दोन मिनिटं पुरली नसती. ते उत्तर तेव्हापासून मनात घोळतं आहे. आज सविस्तर लिहिते.

मी म्हापशाच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात गणित शिकवते आणि पर्वरीला राहते. पर्वरी म्हणजे मांडवीच्या उत्तरेचं पठार. पणजी मावेनाशी झाली तशी नदी ओलांडून इथे आली. विधानसभा इथे, सचिवालय इथे, मधोमध महामार्ग. गच्चीवर उभं राहिलं की दक्षिणेला मांडवीतल्या कॅसिनोंचे रंग बदलणारे दिवे आणि २०१९ साली खुला झालेला अटल सेतू दिसतो. पश्चिमेला कांदोळी-कळंगुटची किनारपट्टी, जिथे डिसेंबरात रात्र अशी होतच नाही. उत्तरेला म्हापसा, आणि २०२३ च्या जानेवारीपासून त्याच्याही मागे मोपा विमानतळाचा फिकट घुमट. उरतो तो ईशान्येपासून पूर्वेपर्यंतचा एक तुकडा, डिचोलीच्या अंगाचा. देवयानी त्याच तुकड्यातून वर येते, हे माझं भाग्य.

आकाशाचा काळोख मोजायला जॉन बॉर्टल या अमेरिकन निरीक्षकाने २००१ मध्ये एक ते नऊ अशा पायऱ्या ठरवून दिल्या. पहिल्या पायरीवर धनू-वृश्चिकेतल्या आकाशगंगेच्या उजेडाने जमिनीवर सावली पडते. नववी पायरी म्हणजे महानगराचं काळीज. आमची गच्ची मी सातवीवर धरते, पणजीकडे तोंड केलं तर आठवीवर. कृत्तिकांत मला पाच तारे मोजता येतात, फारच स्वच्छ रात्र असली तर सहा. माझं माहेर सत्तरीत, वाळपईच्या पुढे. तिथल्या खळ्यात झोपलेली असताना आकाशगंगा मी इतक्यांदा पाहिली होती की ती बघण्याची गोष्ट आहे असं कधी वाटलंच नाही. लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच हिवाळ्यात गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढताना वर बघितलं. काहीतरी नेलं होतं कोणीतरी.

पुढची दहा-बारा वर्षं मी तसंच मानून चालले: आकाश तिकडे, आपण इकडे. वर्षातून दोनदा नेत्रावळीच्या बाजूला नाहीतर माहेरी जायचं, बघायचं, परत यायचं. खगोलप्रेमींचा सल्लाही तोच असतो. दीर्घिकांचे फोटो काढायचे असतील तर काळ्या आकाशाखाली जा, शहरातून चंद्र आणि ग्रह काढा. सल्ला चुकीचा नाही. पण ज्या बाईला सकाळी सव्वासातला डबे भरायचे असतात आणि आठला घर सोडायचं असतं, तिच्या वाट्याला वर्षात किती काळ्या रात्री येणार? त्यातून अमावास्या शनिवारी पडली पाहिजे, ढग नकोत, गाडी हवी, सोबत हवी. एका वर्षी माझ्या हाताला एकही लागली नाही. त्या वर्षी मी म्हापशाच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना कॅमेरा आणि २०० मिलिमीटरची लेन्स घेतली, आकाशाच्या गतीने फिरणारा एक लहानसा ट्रॅकर मागवला आणि ठरवलं की जे करायचं ते इथूनच.

देवयानी शोधायला आपल्या पुराणकथेसारखी वाट नाही. शर्मिष्ठेचा इंग्रजी एमसारखा आकार उत्तरेला दिसतो. तिचे वडील वृषपर्वा तिच्या शेजारी, ययाती थोडा खाली, आणि या सगळ्यांच्या मधे देवयानीचा तारकासमूह. महाभारतातल्या एकाच कहाणीतली ही माणसं आपल्या लोकांनी आकाशातही शेजारीशेजारी बसवली. भाद्रपदांच्या मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यापासून देवयानीचे दोन तारे मोजत जायचं, दुसऱ्यापाशी उजवा काटकोन करून दोन मंद तारे वर चढायचं, आणि तिथे त्याच नावाची ही दीर्घिका असते. इराणी खगोलविद अल्-सूफीने दहाव्या शतकात तिला लहानसा ढग म्हटलं होतं. आमच्या गच्चीवरून तो ढग डोळ्यांना दिसत नाही. दुर्बिणीतून पुसलेल्या खडूच्या डागासारखा दिसतो. खरं तर ती पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने ठेवले तर होतील तेवढी लांब आहे आणि रोज पर्वरीवरून जाते. खालून कोणाला कळत नाही इतकंच.

पहिल्या रात्री मी साठ सेकंदांची एक फ्रेम घेतली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पावसाळ्यातल्या भिंतीसारखा पिवळट राखाडी रंग आला आणि मधे एक भुरकट ठिपका. दीर्घिकेचे वळलेले हात, धुळीचे पट्टे, ज्यांच्यासाठी लोक डोंगर चढतात त्यातलं काहीच नाही. तरी मी त्या ठिपक्याकडे बघत राहिले. तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी तिथून निघाला होता आणि त्याच्या वाटेतली शेवटची अडचण काकींचा हॅलोजन होती.

आता गणिताच्या बाईला आवडणारा भाग. तो सोडून पुढे गेले तर काकींना दिलेलं उत्तर अर्धवट राहील.

उजेड कणाकणांनी येतो. पहिल्या पावसात पत्र्याच्या छपरावर थेंब पडतात तसा. पाऊस एका लयीत पडतो आहे असं वाटतं, पण अंगणात दोन सारख्या बादल्या शेजारी ठेवा आणि अर्ध्या मिनिटाने थेंब मोजा, आकडे जुळणार नाहीत. सरासरी शंभर थेंब यायचे असतील तर कधी नव्वद येतील, कधी एकशे दहा. सरासरीच्या वर्गमुळाइतकी ही चलबिचल असते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल ही अशीच एक बादली. समजा, साठ सेकंदांत पर्वरीच्या आकाशाचे दहा हजार कण एका बादलीत पडले आणि देवयानीच्या बाहेरच्या हाताकडून पन्नास आले. आकाशाचे दहा हजार वजा करायला काही अडचण नाही, बाजूच्या मोकळ्या आकाशावरून तो आकडा कळतो. पण दहा हजारांची चलबिचल शंभर आहे, आणि ती कुठल्या बादलीत वर गेली, कुठल्या बादलीत खाली, हे कोणालाच सांगता येत नाही. पन्नासची देवयानी त्या शंभरच्या थरथरीत बुडून जाते.

हे कळलं तेव्हा मला फार वेळ उदास वाटलं होतं. शहराचा उजेड नुसता वर पसरलेला पडदा असता तर तो बाजूला सारता आला असता. तो थरथरतो, आणि थरथर वजा होत नाही.

पण ती बेरजेत मागे पडते. अशा चारशे फ्रेम घ्या आणि एकावर एक रचा. देवयानीचे पन्नास चारशे वेळा येऊन वीस हजार होतात. आकाशाचे दहा हजार चारशे वेळा येऊन चाळीस लाख होतात आणि त्यांची थरथर चाळीस लाखांचं वर्गमूळ, म्हणजे फक्त दोन हजार. एका फ्रेममध्ये देवयानी थरथरीच्या निम्मी होती, चारशे फ्रेमच्या अखेरीस दहापट झाली. कोणताही एक फोटो तिला दाखवू शकत नाही, चारशे मिळून दाखवतात. हे मी फळ्यावर दरवर्षी शिकवत होते, वर्गमूळाचा नियम म्हणून. गच्चीवर पहिल्यांदा स्टॅकिंगचा, म्हणजे फ्रेम एकावर एक रचण्याचा, निकाल लॅपटॉपवर उघडला आणि त्या राखाडी भिंतीतून धुळीचा काळा पट्टा वर आला, तेव्हा मी रात्री अडीचला एकटीच मोठ्याने "आलं!" म्हणाले.

हिशोब इथेच थांबत नाही. आकाश तीन प्रतींनी (प्रत म्हणजे आकाशातला उजेड मोजायची पायरी) उजळ असेल तर ते जवळजवळ सोळापट उजळ असतं. म्हणजे नेत्रावळीच्या बाजूला एका तासात जे मिळेल त्यासाठी इथे सोळा तास लागणार. सोळा तास ऐकून लोक दचकतात. मला तो आकडा ऐकून धीर आला. सोळा तास म्हणजे रोजचे दोन तास, आठ रात्री. आठ रात्री मला नोव्हेंबर ते जानेवारीत, जेवणं आटोपून, मुलीला झोपवून, चप्पल घालून जिना चढला की मिळतात. डोंगरावरची एक रात्र कधीच मिळत नाही.

काही गोष्टी मात्र कष्टाने मिळत नाहीत. तेजोमेघांचे, म्हणजे आकाशातल्या वायूच्या ढगांचे, फोटो काढणाऱ्यांना शहरातही एक आधार असतो. त्यांचा लाल उजेड हायड्रोजनच्या एका ठरावीक तरंगलांबीवर असतो, ६५६.३ नॅनोमीटरवर, आणि तेवढाच आत सोडणारी काच लेन्सवर लावली की शहर जवळपास नाहीसं होतं. दीर्घिकेला ती काच चालत नाही. दीर्घिका म्हणजे अब्जावधी तारे आणि तारे सगळ्या रंगांत जळतात. शहर अडवायला गेलं की तारेही अडतात. पूर्वी रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते, त्यांचा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपास दाटलेला असे, तेवढा पट्टा गाळून टाकता यायचा. एलईडी आले आणि पट्टा राहिला नाही. वीज वाचली हे खरं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पांढऱ्या एलईडीत निळा भाग अधिक असतो आणि निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. गोव्याच्या दमट हवेत तर त्याला पाण्याच्या सूक्ष्म कणांचीही साथ मिळते. खांबावरचा दिवा रस्त्याकडे बघणारा हवा. आमच्या गल्लीतले निम्मे दिवे आकाशाकडे बघतात आणि तो उजेड कोणाच्याच पायाखाली पडत नाही.

हे फक्त माझ्या फोटोंपुरतं असतं तर एवढ्या हट्टाने लिहिलं नसतं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री वाळूतून बाहेर पडतात आणि जिथे क्षितिज उजळ असेल तिकडे धावतात. लाखो वर्षं तो उजेड समुद्रावरच असायचा. आता मागच्या शॅकचा दिवा समुद्रापेक्षा उजळ असला तर पिल्लू पाण्याकडे पाठ फिरवतं. मोरजीला एकदा मुलांना घेऊन गेले होते तेव्हा हे ऐकलं आणि परतीच्या बसमध्ये मला माझ्या पिवळट फ्रेम आठवत राहिल्या. चूक पिल्लाची नाही आणि माझ्या कॅमेऱ्याचीही नाही.

गोव्यात राहून हे करायचं तर आणखी एक पेच आहे, जो बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. ट्रॅकरचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. ध्रुव आपल्या अक्षांशाइतक्या उंचीवर असतो. गोव्यात म्हणजे क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंशांवर. हात लांब करून वीत धरली तर तिच्याही खाली. तिथे आमच्या उत्तरेला एका नव्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. मी या गच्चीवरून ध्रुव आजवर पाहिलेला नाही. मग ताऱ्यांना वाहू देऊन अक्ष जुळवते. दक्षिणोत्तर रेषेजवळचा एक तारा चौकटीत धरायचा, पाच मिनिटं बघायचं, तो वर सरकला की खाली हे टिपायचं आणि ट्रॅकर केसभर फिरवायचा. मग पूर्वेचा तारा. हे पहिल्या वर्षी मला दीड तास घ्यायचं, आता वीस मिनिटांत होतं. न दिसणाऱ्या ध्रुवाची जागा बाकीच्या ताऱ्यांच्या चालीवरून ओळखण्याचं हे काम मला इतकं आवडतं की उद्या कोणी ती टाकी पाडली तरी मी तसंच करीन.

बाकीचं झटकन सांगते. दवाने लेन्स ओली होते, म्हणून तिच्या गळ्याभोवती गरम होणारी पट्टी बांधते. पहाटे लेन्सवर पांढरा पंचा ताणून सपाट उजेडाच्या फ्रेम घेते, कडांचा काळेपणा आणि धुळीचे डाग त्यांनी भागून जातात. विमानं आणि उपग्रह रेघा ओढून जातात, पण चारशे फ्रेमपैकी एकीतच आलेली रेघ बेरजेच्या वेळी संगणक परकी म्हणून वगळतो. जून ते सप्टेंबर सगळं सामान सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. पहिल्या पावसाळ्यात हे माहीत नव्हतं आणि माझ्या एका लेन्सच्या आत बुरशीची नक्षी उगवली. ती गेली ती गेलीच.

शहराशेजारून देवयानी टिपणारी मी पहिली नाही, याचा मला फार आधार वाटतो. १८८८ साली आयझॅक रॉबर्ट्स या बांधकाम व्यवसायातल्या हौशी माणसाने तिचा जो फोटो काढला, त्यात तिचे वळलेले हात पहिल्यांदा स्पष्ट दिसले. तो फोटो लिव्हरपूलजवळच्या मघल गावातून काढलेला होता. पुढे चांगल्या आकाशासाठी ते दक्षिण इंग्लंडला राहायला गेले, पण तो फोटो मात्र आधीचा. त्यांना वाटलं, आपण एक सूर्यमाला जन्मताना बघतो आहोत. फोटो बरोबर होता, अर्थ पुढच्या लोकांनी लावला. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीतला एक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा ओळखला, त्यावरून अंतर मोजलं आणि ती आपल्या आकाशगंगेच्या खूप बाहेर आहे हे ठरलं. माउंट विल्सनच्या पायथ्याशी लॉस एंजेलिस आहे. ते शहर तेव्हाही दिव्यांनी वाढत होतं.

आणि मग वॉल्टर बाडे. ते जर्मनीत जन्मलेले. दुसऱ्या महायुद्धात शत्रुदेशाचे नागरिक म्हणून त्यांना युद्धाच्या कामावर घेतलं नाही, ते वेधशाळेतच राहिले. हल्ल्याच्या भीतीने लॉस एंजेलिसचे दिवे मंद केलेले होते. त्या अंधाऱ्या रात्रींत त्यांनी देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटेसुटे टिपले. तोवर तो गाभा सगळ्यांना नुसता धूसर गोळा दिसत असे. १९४४ मध्ये त्यांनी ताऱ्यांच्या दोन पिढ्या वेगळ्या सांगितल्या. पुढे त्याच वाटेने जात १९५२ मध्ये त्यांनी दाखवलं की हबल यांनी वापरलेल्या मोजपट्टीत दोन जातींचे तारे मिसळले होते आणि देवयानी मानली होती त्याच्या सुमारे दुप्पट दूर आहे. एका शहराने काही काळ दिवे खाली केले आणि विश्व दुप्पट मोठं झालं. युद्धाची आठवण म्हणून ही गोष्ट सांगायला मन कचरतं. पण काळोख कित्याक जाय, असं कोणी विचारलं की मला आधी बाडे आठवतात.

आमच्याकडे तशी एक रात्र आली होती. २०२१ च्या मे महिन्यात, सोळा तारखेला, तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. माड पडले, खांब पडले, आमची लाईट तीन दिवस आली नाही. तिसऱ्या रात्री उकाड्याने सगळी इमारत चटया घेऊन गच्चीवर आली. मध्यरात्रीनंतर चंद्र मावळला, ढग फाटले आणि वृश्चिकेच्या शेपटापासून वर आकाशगंगा पसरलेली दिसली. पर्वरीला. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा, तेव्हा सातवीत असेल, त्याने विचारलं, "टीचर, हे धुकं कसलं?" मी सांगितलं. तो आईच्या पदराला धरून बराच वेळ मान वर करून उभा राहिला. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मी फोन चार्ज करायला वापरून संपवल्या होत्या, त्यामुळे त्या रात्रीचा एकही फोटो माझ्याकडे नाही. पहाटे चारच्या पुढे ईशान्येला माडांच्या वर देवयानी आली आणि ती मला डोळ्यांनी दिसली. दुर्बिणीशिवाय, इथून, माझ्या गच्चीवरून. लहानसा ढग. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट आली तेव्हा घराघरांतून टाळ्या ऐकू आल्या. मीही वाजवल्या, फ्रिज पुन्हा चालू झाला होता. पण त्या संध्याकाळी आकाश पुन्हा पिवळं झालं तेव्हा घशाशी काहीतरी आलं.

सगळ्याच दीर्घिका शहराला सारख्या बळी पडत नाहीत. लहान आणि घट्ट असतात त्या टिकतात. कन्येतली सोम्ब्रेरो आमच्या आकाशातही धुळीची रेघ दाखवते. त्रिकोणातली एम ३३ मोठी आणि पातळ आहे, मी तिला तीन हिवाळे दिले, अजून तिचे हात नीट आलेले नाहीत. नरतुरंगातली सेंटॉरस ए दक्षिणेला तीस अंशांवर, अगदी पणजीच्या डोक्यावर येते. उत्तरेकडच्या लोकांना ती क्षितिजाला चिकटलेली मिळते, आपल्याला एवढी वर मिळते, आणि नेमके खाली कॅसिनो. तिच्यासाठी मार्चमध्ये पहाटे उठते.

२०२३ च्या मे महिन्यात सप्तर्षींच्या शेपटाजवळच्या एम १०१ या दीर्घिकेत एक अतिनवतारा, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस फुटणारा तारा, उजळला. १९ मे रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांनी तो शोधला. ती दीर्घिका सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षं दूर आणि इतकी पातळ की माझ्या फ्रेममध्ये तिची जागा रिकामीच दिसायची. पावसाळा दाराशी आला होता. चार-पाच दिवसांनी ढगांतून पंचेचाळीस मिनिटं मिळाली. दीर्घिका आली नाही. तारा आला. साठ सेकंदांच्या एकाच फ्रेममध्ये, जुन्या फोटोत काही नव्हतं तिथे एक टिंब. अब्जावधी ताऱ्यांच्या त्या शहरातला एकच रहिवासी, मरताना इतका उजळला की पर्वरीच्या आकाशालाही त्याला लपवता आलं नाही. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दोन्ही फोटो वर्गात लावले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने तास संपल्यावर येऊन विचारलं, "मॅडम, आदीं थंय किदेंच नासलें?" नव्हतं म्हटलं. म्हणजे होतंच, आपल्याला दिसत नव्हतं.

काकींच्या दिव्याचं पुढे असं झालं. तो बंद करायला सांगण्याचा मला हक्क नव्हता, हे मला त्याच रात्री कळलं होतं. म्हणून मी दुसऱ्या मार्गाने गेले. पत्र्याचं काम करणाऱ्या एका मेस्ताकडून दिव्यावर बसेल अशी टोपी करून घेतली आणि काकींना म्हटलं, दिवा तसाच राहू दे, फक्त खाली बघू दे. त्या तयार झाल्या. इलेक्ट्रिशियनने दिवा वाकवला, टोपी बसवली, आणि जो उजेड आधी झावळ्यांत जात होता तो त्यांच्या फाटकावर आणि पायऱ्यांवर पडू लागला. अंगण पहिल्यापेक्षा उजळ झालं. चोर आला तर आता चेहरा दिसेल, असं काकी स्वतःच म्हणाल्या. त्यांचं बघून पलीकडच्या घरानेही एक टोपी करून घेतली. गच्चीवरच्या माझ्या फ्रेममध्ये पूर्वेकडचा कोपरा जरा काळा झाला. जरासाच.

पहिला नीट जमलेला देवयानीचा फोटो मी छापून त्यांना नेऊन दिला. अकरा रात्री, अकराशे चाळीस फ्रेम, एकोणीस तास. चष्मा लावून त्यांनी तो खिडकीशी धरला. बाजूचे दोन पुसट ठिपके कसले ते विचारलं. तिच्या सोबतच्या लहान दीर्घिका, असं मी सांगितलं. "हांगाच्यान काडलां?" म्हणाल्या. इथूनच, मी म्हटलं, तुमच्या माडावरून. त्यांनी फोटो देवघराच्या बाजूच्या भिंतीवर, यजमानांच्या फोटोखाली लावला.

गोव्यातली दिवाळी आणि देवयानी दरवर्षी एकाच वेळी येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची अमावास्या म्हणजे आकाश सर्वांत काळं असायची रात्र, आणि तीच आकाशकंदिलांची. आदल्या रात्री नरकासुर असतो. पोरं रात्रभर नाचवतात, पहाटे जाळतात, धूर दुपारपर्यंत खाली बसत नाही. त्या रात्री मी कॅमेरा काढत नाही, पोरांबरोबर चौकात असते. मला नरकासुरही हवा आहे आणि देवयानीही.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहाच्या सुमारास वर गेले. फारशी आशा नव्हती. ट्रॅकर मांडला, अक्ष जुळवला आणि पूर्वेकडे बघितलं तर काकींचं कुंपण अंधारात होतं. मला वाटलं, दिवा गेला. कठड्याशी जाऊन खाली वाकले. काकी तुळशीपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, वृंदावनाच्या कोनाड्यात एक पणती. मला बघून त्यांनी हात वर केला आणि मोठ्याने विचारलं, पणती चालेल ना तुझ्या फोटोला?

चालेल, काकी, म्हटलं.

त्या बारा वाजेपर्यंत बसल्या होत्या. मग आत गेल्या आणि दिवा लावला. तोवर चौऱ्याऐंशी फ्रेम झाल्या होत्या.